ग्रँडमास्टर, मानपाडा

जिल्हा अजिंक्यपद पंजा स्पर्धेत उतरायला काय लागतं? आधार कार्डाची झेरॉक्स, पासपोर्ट साइझचे दोन फोटो, प्रवेश फी आणि ‘मला काही इजा झाल्यास त्यास मी स्वतः जबाबदार राहीन’ या ओळीखाली सही. दंडात बळ लागतं असं त्या फॉर्मवर कुठेही छापलेलं नव्हतं, त्यामुळे ते नसल्याची अडचणही कुठे आली नाही. मी पोटापाण्यासाठी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. सही करण्यापूर्वी कागद नीट वाचायचा असतो, हे मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो आहे. हा कागद मी स्कूटरच्या सीटवर ठेवून, पेन शेजाऱ्याचं घेऊन, सही करून मोकळा झालो.

असा माणूस एकदम जिल्हा अजिंक्यपदाला कसा गेला, गल्ली, वॉर्ड, तालुका अशा पायऱ्या का नाही चढला, असं कुणी विचारेल. तर पायऱ्याच नव्हत्या. जिल्हा हीच पहिली पायरी, तिच्याखाली थेट रस्ता.

शिवाय माझ्या नावावर कामगिरी होती. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा यांच्या मधल्या वेळात पंजा लढवतात, आणि त्यात मी बरीच वर्षं अजिंक्य होतो. सी विंगमधले दोन तगडे इंजिनियर, एक जिम ट्रेनर, आमचे वॉचमन मामा, सगळ्यांना मी पाडलेलं होतं. मी सोसायटीचा खजिनदारही आहे. इंजिनियरांचा मेंटेनन्स थकलेला असायचा, ट्रेनरला गच्चीवर क्लास घ्यायची परवानगी हवी असायची आणि मामांच्या पगाराच्या चेकवर माझी सही लागायची. या गोष्टींचा माझ्या विजयांशी काही संबंध असेल असं मला कधी सुचलं नाही. बायकोला सुचलं होतं. ती म्हणाली, “एकदा बाहेरच्या कुणाशी खेळून बघा.” तिला म्हणायचं होतं, आता पुरे. मला ऐकू आलं, पुढे व्हा.

त्यात 2023 साली टीव्हीवर प्रो पंजा लीग लागली. परवीन डबास आणि प्रीती झंगियानी या नट-नटी जोडप्याने उभी केलेली. तिच्यात मुंबईचाही संघ होता, मुंबई मसल नावाचा. आमच्या पिढीत पंजा हा मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावर चालणारा आणि सर आले की संपणारा प्रकार. तो दिव्यांच्या झगमगाटात, समालोचनासकट बघून माझा दंड फुरफुरला. खरं तर तो 1987 पासूनच फुरफुरत होता. त्या साली स्टॅलोनचा ‘ओव्हर द टॉप’ आला. ट्रक ड्रायव्हर असलेला नायक लास व्हेगासला जातो आणि भल्याभल्यांना लोळवतो. त्या सिनेमासाठी खरीखुरी स्पर्धा भरवली होती आणि जॉन ब्रझेंक नावाच्या खऱ्या पठ्ठ्याने तीत खराखुरा ट्रक जिंकला, हे मला फार उशिरा कळलं. मनात राहिलं ते एवढंच, की नायक टोपी उलटी फिरवतो आणि त्याच्या अंगात वेगळंच काहीतरी संचारतं. स्पर्धेला जाताना मी टोपी नेली होती.

फॉर्मवर वयोगटाचा रकाना होता. चाळिशीपुढे मास्टर, पन्नाशीपुढे ग्रँडमास्टर, साठीपुढे सीनियर ग्रँडमास्टर. आयोजकांनी मनाने केलेली ही वर्गवारी नाही, जागतिक महासंघच अशी नावं वापरतो. मी पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे ग्रँडमास्टर. बुद्धिबळात या पदासाठी माणसं जन्म घालवतात. 2500 चं रेटिंग गाठायचं, नॉर्म मिळवायचे. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 च्या जुलैत बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि एकही नॉर्म हाताशी नसताना ती थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हा सगळीकडे केवढं कौतुक झालं! एकही नॉर्म तर माझ्याकडेही नव्हता. माझं काम वाढदिवसावर भागलं.

स्पर्धेच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं, ‘स्थळ : मानपाडा’. मी मानपाड्यातच राहतो. घोडबंदर रोडचा फ्लायओव्हर, मेट्रोचे खांब, मागे टिकुजिनीवाडीचा रस्ता आणि त्यामागे येऊरचं जंगल. घरच्या मैदानावर सामना म्हणून मी रविवारी आरामात पोहे खाऊन निघालो. हॉल काही सापडेना. आयोजकांना फोन लावला. ते म्हणाले, “मानपाडा पोलीस स्टेशनवरून पुढे या.” मी चितळसरच्या पोलीस ठाण्यापुढे जाऊन उभा राहिलो. परत फोन. “मानपाडेश्वराचं देऊळ दिसतंय का?” मला समोर एक मोबाइलचं दुकान आणि एक डेंटिस्ट दिसत होता. “काका, तुम्ही नक्की कुठे आहात?”

एका जिल्ह्यात दोन मानपाडे आहेत आणि मी जन्मभर चुकीच्या मानपाड्यात राहतोय, हे मला तेव्हा उमगलं. स्पर्धा डोंबिवलीच्या मानपाड्याला होती. रविवार म्हणजे मेगाब्लॉक. ठाण्याहून जी गाडी मिळाली तिच्यात दोन्ही पाय टेकवायलाही जागा नव्हती, तेव्हा मी उजव्या हाताने वरची कडी धरून डोंबिवलीपर्यंत लोंबकळत गेलो. उजव्याच हाताने. वॉर्मअप म्हणून.

वजनाची वेळ कधीच टळून गेली होती. आता परत पाठवतील, म्हणजे तिकीटही वाया आणि अब्रूही वाचली, असा हिशेब करत मी आत शिरलो, तर टेबलापाशी एकच गलका झाला. “आले, आले, तिसरे आले!” गटात किमान तीन जण असल्याशिवाय गट होत नाही, असा त्यांचा नियम होता, आणि ग्रँडमास्टरांमध्ये दोघेच येऊन माझी वाट बघत बसले होते. मला काट्यावर उभं केलं, चहा दिला, आणि एका पोराने माझी पिशवीसुद्धा धरली. त्या स्पर्धेत माझ्याइतकी गरज दुसऱ्या कुणाचीच नव्हती. डाव्या हाताची फी वेगळी होती, तीही भरा म्हणाले. ती मी भरली नाही. त्या दिवशी केलेला तेवढाच एक शहाणपणा.

माझे दोन प्रतिस्पर्धी शेजारी शेजारी बसले होते. एक जवळच्याच गावातले आगरी गृहस्थ, अंगाने किरकोळ, गळ्यात जाडजूड चेन. मनगट मात्र त्या अंगाचं वाटतच नव्हतं. दुसऱ्या एखाद्या मोठ्या माणसाकडून आणून जोडल्यासारखं होतं. दुसरे डोंबिवलीच्या एमआयडीसीत लेथवर जन्म काढून निवृत्त झालेले, मूळचे कराडकडचे. मी बसल्याबरोबर आगरी काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “घाबराचा नाय.” तोवर मी घाबरलो नव्हतो.

पंजाचं टेबल कमरेच्या वर येतं. उभं राहून खेळायचं. कोपरासाठी दोन चौकोनी गाद्या, दोन्ही बाजूंना हात पाडायच्या उंच उशा, आणि रिकाम्या हाताने धरायला दोन उभे दांडे. रेफ्री म्हणून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या टीशर्टातली एक विशीतली मुलगी होती. तिने आमचे पंजे एकमेकांत बसवले. तळहात तळहाताला, मनगटं सरळ, खांदे टेबलाशी समांतर. माझी बोटं तिने एकेक करून उचलली आणि जागच्या जागी ठेवली. “काका, अंगठ्याचं पेर दिसलं पाहिजे. झाकू नका.”

हे पेर प्रकरण मला माहीत होतं, कारण स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मी सराव सोडून इतिहास वाचला होता. या खेळाला अमेरिकेत स्पर्धेचं रूप आलं ते कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावातल्या एका दारूच्या गुत्त्यातून, 1950 च्या दशकात, आणि त्याचा प्रचार केला बिल सोबरानेस या तिथल्या वर्तमानपत्राच्या स्तंभलेखकाने. म्हणजे मूळ दोष आमच्याच लिहिणाऱ्या जातीकडे जातो. पुढे 1968 मध्ये ‘पीनट्स’ चित्रमालिकेतला स्नूपी कुत्रा तिथल्या जागतिक स्पर्धेसाठी निघाला. इतक्या लांब जाऊन पोचला आणि अपात्र ठरला. का, तर पंज्याला अंगठा नाही. पंजाच्या स्पर्धेत शारीरिक पात्रता तपासून कुणाला परत पाठवल्याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत गाजलेलं उदाहरण, आणि तो कुत्रा होता. माझ्याकडे अंगठा होता. मी टोपी उलटी फिरवली.

“रेडी, गो!” म्हणताच माझं कोपर गादीवरून उठलं. फाउल. पुन्हा पंजे बसवले, पुन्हा “गो”, पुन्हा कोपर हवेत. दोन फाउल झाले की सामना गेला. आगरी काकांना जोर लावायची वेळच आली नाही. ते माझा हात धरून नुसते उभे होते. हरलो खरा, पण हात पाडला गेला नाही, असं मी मनातल्या मनात नोंदवून घेतलं. खेळाडूवृत्ती कशी असते ते मला बाकावर बसल्यावर जाणवायला लागलं.

मग त्या दोघांची लढत झाली, आणि ती बघून माझी टोपी आपोआप सरळ झाली. “गो” म्हटल्यावर दोघांचेही हात जागचे हलले नाहीत. हलली ती लेथवाल्या काकांची बोटं. ती समोरच्याच्या पंज्यावर सूतभर, सूतभर वर चढत होती. त्याचं मनगट मागे कलायला लागलं. याला टॉप रोल म्हणतात. दंडाशी भांडायचंच नाही, बोटं उघडून घ्यायची. आगरी काकांनी ते ओळखलं आणि मनगट आतल्या बाजूला मुडपून समोरच्याला स्वतःकडे ओढलं. हा हुक. आता बोटांची लढाई संपली आणि दंडांची सुरू झाली. कपाळावर शिरा, तोंडातून शब्द नाही, टेबल तेवढं करकरत होतं. शेवटी आगरी काकांनी त्यांना उशीवर नेलं आणि दोघंही हसले. या खेळात अक्कल लागते, हे मला खजिनदारकीच्या काळात कधी कळलंच नव्हतं.

दुहेरी बाद पद्धत होती, म्हणजे एकदा हरलेल्यालाही आणखी एक संधी. आता माझी गाठ लेथवाल्या काकांशी पडणार होती. मधे खुल्या गटांचे सामने लांबले. कल्याणहून आलेला एक पैलवानी अंगाचा पोरगा आमच्याजवळ येऊन वैतागून बसला. “ही ओपन एन्ट्री बंद केली पाहिजे,” तो म्हणाला. “अर्ध्या लोकांना कोपर कुठे ठेवायचं तेही माहीत नसतं. नुसते फाउल. रात्रीचे अकरा वाजवतात. आधी क्वालिफाइंग घ्या, मग अजिंक्यपद म्हणा.” बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, हा त्याचा सभ्यपणा.

लेथवाले काका म्हणाले, “आमच्याकडं जत्रंत कोण फॉर्म भरतंय? पोरगं फडात उतरतं. पंच त्याचा हात धरून फडाभवती फिरवत्यात, हाय का जोड म्हणून इचारत्यात. समोरनं कुणी उठलं की दोघांना शेजारी हुबं करून वस्ताद बघतो. मान बघतो, मांड्या बघतो. जोड नसंल तर सांगतो, खाली बस. रेवड्यांवरच्या कुस्तीतलं पोरगं कुणी इनामाच्या कुस्तीला सोडत न्हाई.”

“पण महाराष्ट्र केसरीला निवड चाचणी असतेच की,” पोरगा म्हणाला.

“असती. आन् चाचणीचं म्हणशील, तर आमच्या गोळेश्वरच्या खाशाबांचं काय झालं?”

मग त्यांनी ते सांगितलं. 1952 च्या ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना आधी निवडलंच नव्हतं. त्यांनी दाद मागितली, पतियाळाच्या महाराजांनी लक्ष घातलं, कुस्ती पुन्हा लावली, ती खाशाबांनी मारली. तरी प्रवासाला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकलं. आणि हेलसिंकीहून ते कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. काका सांगत होते ते सगळं त्यांच्या आळीत परवा घडल्यासारखं. पोरगा गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे, त्याचं नाव पुकारलं म्हणून.

मला दोघांचंही पटत होतं, पण मन काकांकडे झुकलं, आणि त्यात स्वार्थ होता. पात्रता फेरी ठेवली असती, तर मी तिचीही फी भरली असती आणि तिथेही कोपर उचललं असतं. वस्ताद मात्र माझी मान एकदा बघून म्हणाला असता, “खाली बस,” आणि मी सुखाने बसलो असतो. आधार कार्डाच्या झेरॉक्सला मान दिसत नाही. सकाळी नवख्यांना अर्धा तास टेबलावर उभं करून कोपर-खांदा शिकवायचा, त्यांचा वेगळा गट करायचा, आणि जोड बघायला एखादा जुना माणूस बसवायचा, याला फार खर्च येऊ नये. रेवड्या स्वस्त असतात.

माझी दुसरी लढत थोडी जास्त वेळ चालली, याचं श्रेय काकांना. त्यांनी मला धरून ठेवलं होतं. मला वाटलं, मी तोलून धरलंय! म्हणून सगळा जोर एकवटण्यासाठी मी दात-ओठ खाल्ले, मान उलट्या दिशेला फिरवली आणि अंग टेबलापासून बाहेर वळवलं. सिनेमात तसंच करतात. रेफ्री ओरडली, “काका, हाताकडे बघा! खांदा हाताच्या मागे आणा!” काकांनी त्याच क्षणी जोर काढून घेतला.

त्यांनी तो का काढला हे मला कळायला हवं होतं, कारण तसले एक्सरे माझ्या टेबलावर येतात. हात एका बाजूला आणि अंग दुसऱ्या बाजूला वळलं, की दंडाच्या हाडावर पिळा बसतो आणि ते नागमोडी चिरत मोडतं. डॉक्टर स्पायरल फ्रॅक्चर लिहितात. दाव्याच्या फॉर्मवर ‘अपघात कसा घडला’ या रकान्यात बहुधा असतं, ‘मित्रांसोबत पंजा खेळताना.’ ते वाचून मी नेहमी मनात म्हणायचो, कोण हे मूर्ख!

मी हाताकडे बघितलं. तोवर तो उशीवर पोचला होता.

तिघांत तिसरा आलो. पदक मिळालं, ब्राँझ. प्रमाणपत्रावर ‘तृतीय क्रमांक’, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ. या वेळी मी वाचली. प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघांची राज्य स्पर्धेसाठी निवड झालेली होती. ज्या पात्रता फेरीचा दुष्काळ म्हणून तो कल्याणचा पोरगा चिडला होता, ती हीच होती, आणि ती मी पार केली होती. त्याच्या गटात पोरांची नुसती रांग लागलेली; तो चौथा आला.

घरी मी यातलं काही बोलणार नव्हतो. पण बायकोने पदकाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, थट्टेने टाकला असणार, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला. माझा फोटो, मागे वाघ, आणि ‘मानपाड्याचा ग्रँडमास्टर’. कुठल्या मानपाड्याचा, ते नव्हतं. संध्याकाळी बी विंगमधला एक चिमुरडा बुद्धिबळाचा पट काखेत मारून दारात हजर. “अंकल, तुम्ही ग्रँडमास्टर आहात ना?” खरं सांगेपर्यंत त्याने सोंगट्या मांडल्यासुद्धा. माझा उजवा हात क्रेप बँडेजमध्ये होता, म्हणून मी डाव्याने खेळलो. तसं मी त्याला सांगितलंही. त्याने माझा वजीर उचलताना विचारलं, “याच्यात हाताने काय फरक पडतो?”

सूज उतरल्यावर एका रात्री उशिरा आलो. वॉचमन मामा फ्लेक्सखाली खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, “साहेब, राज्याला जाताय म्हणे. थोडा सराव करून घ्या.” रजिस्टरच्या टेबलावर आम्ही कोपरं टेकवली. मी तीन म्हणालो आणि माझा हात रजिस्टरवर होता. मधलं काही मला आठवत नाही. परत लावला, परत तेच. मामा बीडकडचे, इथे येण्याआधी ऊसतोडीला जायचे, हातात कोयता आणि डोक्यावर मोळी, हंगामामागून हंगाम. वयाने माझ्याच गटातले. “मग दरवर्षी गणपतीत?” मी विचारलं. मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “साहेब, पाच तारखेला पगार असतो.”

सकाळी मी आयोजकांना फोन केला. म्हटलं, माझ्या जागी आमचे मामा येतील, ते आहेत खरे ताकदीचे, राज्याचं पदक आणतील.

“असं कसं चालेल काका?” ते म्हणाले. “ते जिल्हा खेळलेत का?”

“नाही.”

“मग ते क्वालिफाय नाहीत. तुम्ही आहात. टीशर्ट कुठल्या साइझचा लिहू?”